एक साथ, अनेक मरणे : भारतीय साहित्यातील महामारीचा लोकानुभव

१

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायाचे नाव ‘जनपदोद्ध्वंसनीय’ असे आहे. गंगातीरी कांपिल्य नगरीच्या परिसरात पुनर्वसू आत्रेय आपला शिष्य अग्निवेश याला येऊ घातलेल्या उत्पाताची पूर्वसूचना देतात आणि अग्निवेश एक अत्यंत मार्मिक शंका उपस्थित करतो. माणसांच्या प्रकृती भिन्न, आहार भिन्न, बळ भिन्न, वये भिन्न. असे असता एकच व्याधी एकाच वेळी साऱ्या जनपदाचा नाश कसा करू शकते? आत्रेयांचे उत्तर असे की, वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान असतात. त्या बिघडल्या म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच व्याधीने मरतात. या बिघाडाच्या मुळाशी ते अधर्म पाहतात.

वैद्यकाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, कारण वैद्यकाला अनेकांच्या मरणातील समान कारण शोधावयाचे असते. साहित्याचा प्रश्न नेमका याच्या उलट असतो. व्याधी एकच, काळ एकच, गावही एकच. तरी प्रत्येकाचे मरण आणि प्रत्येकाचे वाचणे इतके निराळे का? कोणाला घरात मरता येते आणि कोणाला उचलून नेले जाते? कोणासाठी दार उघडते? प्रेताला खांदा देण्याचे काम कोणावर येते आणि त्याचा मोबदला म्हणून त्याच्या पदरात काय पडते? महामारी राव-रंक असा भेद जाणत नाही, हे वाक्य प्रत्येक साथीत नव्याने उच्चारले जाते. गेल्या सव्वाशे वर्षांतील भारतीय भाषांतील साहित्य या वाक्याला दुजोरा देत नाही, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. जंतूला भेद कळत नसेल. परंतु साथीचा अनुभव हा जंतूचा अनुभव नसून व्यवस्थेचा, नात्यांचा आणि स्पर्शाच्या नियमांचा अनुभव असतो.

‘सामान्य माणूस’ ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे. ज्याची नोंद सरकारी दप्तरात आकडा म्हणून होते, पण ज्याचे म्हणणे त्या दप्तरात येत नाही, तो सामान्य माणूस. विवेचनासाठी १८९६ पासूनचा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा, कॉलरा व देवी यांच्या साथी आणि २०२० पासूनचा कोविड यांचा आधार घेतला आहे. या साऱ्याच साथी शास्त्रीय अर्थाने जागतिक नव्हत्या, हे खरे. परंतु गावात मरण पसरल्यानंतर गावकऱ्याच्या दृष्टीने हा भेद उरत नाही, म्हणून त्या एकत्र घेतल्या आहेत. उंबरठा, वेस आणि घाट या तीन ठिकाणी हा अनुभव विशेष घनीभूत झालेला दिसतो. विवेचनाची मांडणी त्या क्रमाने केली आहे. तत्पूर्वी साथींना लोकांनी दिलेल्या नावांचा थोडक्यात विचार करणे आवश्यक आहे.

२

लोकानुभवाचा सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज म्हणजे भाषा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांना या रोगासाठी शब्द शोधावा लागला. वैद्यकपरंपरेशी नाते सांगणारा ‘ग्रंथिक सन्निपात’ हा शब्द सुशिक्षितांच्या लेखणीत आला. लोकांनी ‘गाठीचा ताप’ म्हटले. अखेरीस ‘प्लेग’ हाच शब्द घराघरांत रुळला. यापेक्षाही बोलका आहे तो ‘उंदीर पडणे’ हा वाक्प्रयोग. घरात उंदीर पडला याचा अर्थ आता घर सोडले पाहिजे, एवढा ठरलेला होता. गावेच्या गावे माळावर, शेतात झोपड्या घालून राहावयास जात आणि साथ ओसरल्यावर परतत. हिवाळ्याबरोबर प्लेग पुन्हा येई आणि पुन्हा झोपड्या उभ्या राहत. आपत्तीचे असे वार्षिक रिवाजात रूपांतर होणे हा लोकानुभवाचा फार महत्त्वाचा भाग आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणत. या नावात रोगाचे कारण नाही, देवतेचा उल्लेख नाही, परक्या देशाचाही नाही. त्यात केवळ शरीराची अवस्था आहे. उलट पटकी आणि देवी या रोगांना भाषेने देवतांच्या हवाली केले होते. मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडण्याची चाल याच जाणिवेतून आली. आपल्या गावची बला दुसऱ्या गावच्या हद्दीत ढकलण्याचा हा विधी आहे, आणि त्यातील निर्घृणताही समाजाला ठाऊक होती. पलीकडचे गाव तो गाडा पुढे लोटी. शिवेची ही कल्पना आधुनिक विलगीकरणाच्या आधीपासून आपल्याकडे आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

बंगालीतही असेच घडले. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘श्रीकान्त’च्या दुसऱ्या पर्वात (१९१८) रंगूनच्या बोटीवर चढू पाहणारे गरीब उतारू प्लेग आणि डॉक्टरी तपासणी यांची नावे आपापल्या उच्चारांत मोडूनतोडून घेतात. हे शब्द मोडतात ते केवळ अज्ञानामुळे नव्हे. ज्या गोष्टीची भीती वाटते, तिला आपल्या जिभेवर आणल्याशिवाय तिच्याशी व्यवहार करता येत नाही. २०२० साली ‘लॉकडाऊन’ साठी ‘टाळेबंदी’ हा शब्द मराठीत सर्वत्र झाला. गिरणीकामगारांच्या संपांच्या काळात मालकाने कारखान्याला कुलूप लावणे या अर्थाने रुळलेला हा शब्द साऱ्या समाजाला लागू झाला, तेव्हा रोजगार बुडणे हा त्याचा जुना अर्थ कष्टकऱ्यांच्या बाबतीत शब्दशः खरा ठरला.

३

प्लेगच्या प्रारंभीच्या काळातील लोकक्षोभ हा मुख्यतः उंबरठ्याविषयीचा होता. मुंबईची १८९१ च्या जनगणनेतील वस्ती सुमारे सव्वाआठ लाख. त्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक १८९७ च्या प्रारंभापर्यंत शहर सोडून गेले होते. जे राहिले त्यांतील गिरणीकामगारांच्या जमावाने २९ ऑक्टोबर १८९६ रोजी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा. पण त्याने घरात शिरण्याचा, माणूस उचलून नेण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार शासनाला दिला. याच कायद्याचा आधार २०२० मध्येही घेतला गेला, यावरून त्याचे आयुष्य किती दीर्घ ठरले हे दिसते. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या अधिकाराखाली १८९७ च्या मार्चपासून गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या झाल्या. देवघरे, माजघरे, स्वयंपाकघरे एकाच मापाने तपासली गेली. त्याची परिणती २२ जूनच्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावरील हल्ल्यात झाली. हा इतिहास सर्वश्रुत आहे.

परंतु नेमक्या याच ठिकाणी वाङ्मयाच्या अभ्यासकाने थांबले पाहिजे. पुण्याच्या प्लेगची आठवण आज रँड आणि चापेकर या दोन नावांभोवती गुंफलेली आहे. ज्या घरांचे उंबरठे ओलांडले गेले त्या घरांतील बायकांचे म्हणणे मात्र हाती लागत नाही. ते का लागत नाही, याचे उत्तर गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रातील एका प्रसंगात मिळते. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे, झडत्यांच्या काळात दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जाहीर केले. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला, तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांना शक्य झाले नाही, आणि त्यांनी बिनशर्त माफी मागितली. पंडिता रमाबाई यांनीही त्याच वर्षी ‘बाँबे गार्डियन’ या पत्रातून पुण्याच्या प्लेग-रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी लिहिले होते. शासनाने त्यांचेही म्हणणे फेटाळले.

येथे सत्य काय होते याचा निवाडा या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु साक्षीचे स्वरूप स्पष्ट होते. सामान्य माणसाचा अनुभव कायद्याच्या दारात नेण्यासाठी नाव सांगावे लागते, आणि ज्या अनुभवाची लाज अनुभव घेणाऱ्यावरच लादली जाते, तो अनुभव नावासकट सांगता येत नाही. गोखल्यांसारख्या सत्यनिष्ठ पुरुषालाही या पेचातून मार्ग सापडला नाही. ज्याला नाव देता येत नाही त्याला कथेत पात्राचे नाव देता येते. महामारीच्या साहित्याची आवश्यकता येथून सुरू होते, असे माझे मत आहे.

उंबरठ्याची दुसरी बाजू म्हणजे तो स्वेच्छेने उघडणे. रवींद्रनाथांच्या ‘चतुरंग’ (१९१६) मधील जगमोहन हा निरीश्वरवादी ज्येष्ठ पुरुष कलकत्त्यात प्लेग पसरल्यावर आपल्या राहत्या घरातच रुग्णालय उघडतो. परिसरातील चर्मकाम करणाऱ्या मुसलमानांना तेथे आश्रय मिळतो, आणि त्यांची शुश्रूषा करता करता तो स्वतः प्लेगला बळी पडतो. त्याचा धर्मनिष्ठ बंधू कुटुंबासह निघून गेलेला असतो. या प्रसंगाला चर्चानाट्य मानून सोडून देणे सोपे आहे. परंतु रवींद्रनाथांनी जगमोहनाच्या नास्तिक्याची कसोटी वादविवादात न लावता घराच्या दारात लावली आहे.

‘श्रीकान्त’मधील अभयेचा प्रसंग याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. रंगूनमध्ये प्लेग पसरला असता आजारी श्रीकान्त अभयेच्या दारी येतो. विवाहबंधनाबाहेर रोहिणी या पुरुषाबरोबर नुकताच संसार मांडलेली ही स्त्री. समाजाच्या लेखी तिच्या घराला घरपण नाही. आपल्या नव्या संसारावर संकट ओढवेल हे ती जाणते, तरी त्याला आत घेते. गृहस्थाश्रमाची परीक्षा आतिथ्यात होत असेल, तर ज्या घराला समाजाने घर म्हणून मान्यता नाकारली त्याच घराने ती परीक्षा उत्तीर्ण केली, असे शरच्चंद्र सुचवतात. महाराष्ट्रात याचे वास्तव उदाहरण सावित्रीबाई फुले यांचे आहे. पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर उघडलेल्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करीत होत्या. मुंढव्याकडील अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, असे सांगितले जाते. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. एकाच शहरात, एकाच महिन्यात एकीकडे सैनिकांची झडतीपथके निघत होती आणि दुसरीकडे एक वृद्ध स्त्री स्पर्शाचे सर्व नियम मोडून रोगी आणीत होती. पुण्याच्या प्लेगची आठवण या दोन्ही दृश्यांनी मिळून पूर्ण होते.

४

उंबरठ्यापासून वेशीपर्यंत आले की अनुभवाचे स्वरूप बदलते. घरात माणसाला नाव असते; वेशीबाहेरच्या छावणीत तो एक संशयित ठरतो. मराठीत ‘क्वारंटीन’ हा शब्द प्लेगच्या काळापासून जुलमाचा वाचक झाला. ‘श्रीकान्त’मध्ये रंगूनला पोहोचलेल्या उतारूंपैकी डेकवरचे गरीब प्रवासी तेवढे शहराबाहेर तारांनी वेढलेल्या झोपड्यांत डांबले जातात, वरच्या वर्गातील प्रवाशाला सूट मिळते. श्रीकान्त स्वतः सुटू शकत असूनही अभया आणि आजारी रोहिणी यांच्यासाठी तेथे जातो. रोगाचा संशय तिकिटाच्या वर्गावर ठरतो, ही गोष्ट लेखक कोठेही भाष्य न करता केवळ घटनाक्रमातून मांडतो. शरच्चंद्र स्वतः ब्रह्मदेशात नोकरीनिमित्त अनेक वर्षे राहिले होते, हे येथे उल्लेखनीय आहे.

या विषयावरील सर्वांत मर्मभेदी कथा उर्दूत राजिंदरसिंग बेदी यांनी लिहिली. तिचे नावच ‘क्वारंटीन’ असे आहे. प्लेगपेक्षा क्वारंटीनचे भय मोठे, हे तिचे गृहीतक. लोक रोग लपवतात, आणि त्यामुळे रोग अधिक पसरतो. निवेदक हा डॉक्टर आहे. पण कथेचा नायक आहे भागू हा झाडूवाला. तो पहाटे उठतो, दारूचा घोट घेतो, रस्ते झाडतो, चुना टाकतो, ज्यांना कोणी शिवत नाही अशा रुग्णांजवळ बसतो. त्याची बायको मरते, तरी तो कामावर येतो. साथ संपल्यावर सत्कार होतो तो डॉक्टरचा. हार, थैली, बढती सारे त्याला मिळते, आणि भागू झाडू हातात घेऊन त्याचे अभिनंदन करावयास येतो.

या कथेचे सामर्थ्य भागूच्या त्यागात आहे, असे सामान्यतः मानले जाते. माझ्या मते ते निवेदकाच्या निवडीत आहे. भागू स्वतः बोलत नाही. त्याच्याविषयी जो बोलतो तो त्याच्या वाट्याचा सन्मान घेणारा आहे. डॉक्टर प्रामाणिक आहे, लज्जितही आहे, आणि तरीही कथा सांगण्याचा अधिकार त्याच्याचकडे राहतो. सामान्य माणसाचा अनुभव आपल्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा अशाच कोणाच्या तरी माध्यमातून, ही मर्यादा बेदींनी रचनेतच नोंदवून ठेवली आहे. साथीच्या साहित्याचा अभ्यास करताना ‘कोणाविषयी लिहिले आहे’ याबरोबरच ‘कोणाच्या तोंडून सांगितले आहे’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे.

मल्याळममध्ये तकषी शिवशंकर पिळ्ळै यांनी ‘तोट्टियुटे मकन’ (१९४७) या कादंबरीत हे माध्यम शक्य तितके दूर सारण्याचा प्रयत्न केला. आलप्पुळा शहरातील मैला वाहणाऱ्या कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ही कथा. शहरात साथ आली की या वस्तीतील माणसे प्रथम मरतात आणि शहर स्वच्छ ठेवण्याचे काम उरलेल्यांवर येते. चुडलमुत्तू आपल्या मुलाला या धंद्यातून बाहेर काढण्यासाठी पै पै जोडतो. कॉलरा त्याला नेतो आणि मुलाला तोच धंदा पत्करावा लागतो. येथे साथ ही अपवादात्मक आपत्ती राहत नाही. रोजच्या जगण्यातील विषमता तिच्यामुळे उघडी पडते, एवढेच. फकीरमोहन सेनापती यांच्या ‘रेबती’ (१८९८) या ओडिया कथेत हीच गोष्ट स्त्रीच्या बाबतीत घडते. गावात कॉलरा येतो, बाप मरतो, आई मरते, आणि शिकवणारा तरुण वासुदेवही मरतो. आजी मात्र या साऱ्याचे कारण एकच मानते, ते म्हणजे नातीला लागलेली शिक्षणाची गोडी. साथीला कारण हवे असते आणि ते घरातील सर्वांत दुबळ्या व्यक्तीत सापडते. आत्रेयांनी मुळाशी जो अधर्म पाहिला त्याचा बोजा समाज कोणावर टाकतो, हे फकीरमोहनांनी सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवले आहे.

५

घाट म्हणजे अखेरची सीमा. महामारीत मरण येते याचे दुःख माणूस कसेबसे सोसतो. मरणानंतरचे कर्तव्य करता येत नाही, हे दुःख त्याला आयुष्यभर पुरते. म्हणूनच अंत्यसंस्कार हा या साहित्याचा मध्यवर्ती विषय झालेला दिसतो.

मास्टर भगवानदास यांची ‘प्लेग की चुड़ैल’ ही हिंदी कथा ‘सरस्वती’ मासिकात १९०२ साली आली. प्रयागातील एका ठाकुराची पत्नी प्लेगने मेली असे समजून घरचे लोक निघून जातात. ज्यांच्यावर दहनाचे काम सोपवलेले असते ते संसर्गाच्या भीतीने ते टाळतात आणि देह गंगेत सोडतात. ती जिवंत असते. शुद्धीवर येऊन ती माणसांत परतते, तेव्हा लोक तिला चेटकीण समजून पळतात. आरंभीच्या हिंदी कथेतील योगायोगांचे सर्व दोष या कथेत आहेत. परंतु साथीतून वाचलेल्या व्यक्तीकडे जिवंत माणूस म्हणून पाहण्यास समाज किती काळ धजत नाही, हा अनुभव तिने अचूक पकडला आहे.

सोळा वर्षांनी त्याच गंगेच्या काठी सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ उभे होते. १९१८ साली बंगालमध्ये असताना त्यांना पत्नीच्या आजाराची तार मिळाली. ते दलमऊ येथे सासरी पोहोचले तेव्हा पत्नी मनोहरादेवी गेलेल्या होत्या. पाठोपाठ घरातील आणखी माणसे गेली. ‘कुल्ली भाट’ (१९३९) मध्ये निरालांनी हा काळ वर्णिला आहे. नदी प्रेतांनी भरली होती, दहनाला लाकूड पुरत नव्हते. हे वर्णन अत्यंत थोड्या शब्दांत येते, हे विशेष. वीस वर्षांनी लिहितानाही निराला त्या आठवणीला शोकगीताचे रूप देत नाहीत. एका उपेक्षित, समाजबाह्य ठरलेल्या माणसाच्या चरित्राच्या ओघात ते ती सांगतात. अहमद अली यांच्या ‘ट्वायलाइट इन दिल्ली’ (१९४०) या इंग्रजी कादंबरीत त्याच साथीची दुसरी बाजू दिसते. तेथे कबरी खोदणारे मजुरी वाढवतात आणि कफनांचीही चोरी होते. काठ गंगेचा असो की यमुनेचा, मृताला निरोप देण्याची रीत मोडली हीच दोन्हीकडची तक्रार आहे.

या प्रश्नाचे तात्त्विक टोक यू. आर. अनंतमूर्ती यांच्या ‘संस्कार’ (१९६५) या कन्नड कादंबरीत गाठले गेले. शिवमोग्ग्याहून परतलेला नारणप्पा अग्रहारात मरतो. त्याने आचारधर्म मोडलेला, म्हणून त्याचे दहन कोणी करावे हा वाद सुरू होतो, आणि प्रेत पडून असेपर्यंत अग्रहारात कोणाला अन्नग्रहण करता येत नाही. इकडे उंदीर मरून पडतात, गिधाडे घरांवर उतरतात. हा प्लेग आहे, हे वाचकाला पात्रांच्या आधी कळते. पात्रे त्यात मृताचा शाप पाहतात. अखेरीस चंद्री ही नारणप्पाची सहचारिणी एका मुसलमान माणसाच्या मदतीने रात्री गुपचूप दहन उरकते. शास्त्रार्थ चालूच असतो. ज्या कामासाठी धर्मशास्त्राला उत्तर सापडत नाही ते काम दोन धर्मबाह्य माणसे करून मोकळी होतात. ‘श्रीकान्त’मधील अभया, बेदींचा भागू आणि अनंतमूर्तींची चंद्री ही तीन भाषांतील तीन पात्रे एकमेकांना ठाऊक नाहीत, पण साथीच्या काळात समाजाचे खरे कर्तव्य समाजाने बाहेर ठेवलेली माणसे पार पाडतात, या एका निष्कर्षापाशी ती तिन्ही येऊन मिळतात. हे साम्य प्रभावाने आलेले नसून समान अनुभवातून आलेले आहे. तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व त्यामुळेच अधिक आहे.

१० मे २०२१ रोजी बिहारमधील बक्सर जिल्ह्यात चौसा येथे गंगेत अनेक प्रेते आढळली. त्याच आठवड्यात पारुल खख्खर यांची ‘शववाहिनी गंगा’ ही छोटी गुजराती कविता समाजमाध्यमांवर आली, अनेक भारतीय भाषांत तिची भाषांतरे झाली आणि तिच्यावर मोठे वादळही उठले. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. १९०२, १९१८ आणि २०२१ या तीन क्षणी गंगा एकाच प्रतिमेने साहित्यात आली, याची नोंद मात्र केली पाहिजे. ज्या नदीत अस्थी विसर्जित केल्या म्हणजे मृताला गती मिळते अशी श्रद्धा, तीच नदी संस्कार न मिळालेल्या देहांची वाहक होणे, हा भारतीय मनाला झालेला आघात आकडेवारीने व्यक्त होत नाही.

६

आकड्यांचे महत्त्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. १८९६ नंतरच्या पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे मेली. १९१८ च्या साथीतील मृत्यूंचा अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पुढे जातो; आजच्या भारताच्या भूप्रदेशाची लोकसंख्या १९११ मध्ये २५.२१ कोटी होती, ती १९२१ मध्ये २५.१३ कोटी भरली. कोविडने भारतात सुमारे ५ लाख ३३ हजार माणसे दगावली असे अधिकृत आकडे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख दिला आणि भारत सरकारने तो अमान्य केला. या दोन आकड्यांमधले अंतर हे स्वतःच एक विधान आहे. ज्यांची गणना व्हावी की नाही याबद्दलच दुमत आहे, अशी ही माणसे आहेत.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि त्यानंतर लाखो मजूर पायी आपल्या गावांकडे निघाले. १८९७ च्या मुंबईकरांप्रमाणेच त्यांनाही शहराने काम दिले होते, पण आसरा दिला नव्हता. ८ मे २०२० च्या पहाटे जालना-औरंगाबाद मार्गावर रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशातील १६ मजूर मालगाडीखाली सापडून मेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र देशभर पाहिले गेले. यांच्यातील एकही माणूस कोविडने मेलेला नाही. रोगाच्या गणनेत त्यांना जागा नाही. महामारीचा बळी कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकीय प्रमाणपत्र देऊ शकत नाही. रोगाच्या निमित्ताने ज्याच्यासाठी सर्व दारे बंद झाली तोही महामारीचा बळी, ही व्यापक व्याख्या साहित्यानेच आजवर सांभाळली आहे.

याचा अर्थ साहित्य केवळ अभावाची यादी करते असा नव्हे. फणीश्वरनाथ रेणू यांच्या ‘पहलवान की ढोलक’ या हिंदी कथेत मलेरिया आणि कॉलऱ्याने पछाडलेल्या गावात रात्रभर एकच आवाज ऐकू येतो, तो लुट्टन पहिलवानाच्या ढोलकीचा. ती ढोलकी रोग बरा करीत नाही. मरणाऱ्याला भय वाटू देत नाही, एवढेच. पहिलवानाचे स्वतःचे दोन मुलगे मरतात, त्या रात्रीही ती वाजते. उंबरठे बंद असताना उंबरठा ओलांडून जाऊ शकेल असे काही ध्वनीत असते, हे रेणूंनी ओळखले होते.

पुढील अभ्यासाची दिशा या विवेचनातून सूचित होते. कादंबरी-कथांबरोबरच खासगी पत्रे, घरगुती हिशेबाच्या वह्या, जात्यावरच्या ओव्या, मरीआईची गाणी आणि साथींची बोलीभाषेतील नावे यांचा भाषावार संग्रह झाला पाहिजे. १८९७ च्या पुण्यातून गोखल्यांना पत्रे लिहिणाऱ्यांना आपली नावे देता आली नाहीत. २०२० मधील माणसांची पत्रे, ध्वनिमुद्रणे आणि आठवणी अद्याप अनेक घरांत आहेत. त्या सांगणारी माणसे अजून हयात आहेत. नाव उघड न करता साक्ष जपण्याची शिस्त जर आपल्या विद्यापीठांनी घालून दिली, तर अग्निवेशाच्या शंकेच्या पुढील प्रश्नाला, म्हणजे एकाच व्याधीने मेलेली माणसे इतकी वेगवेगळी का मेली याला, पुढच्या पिढीच्या अभ्यासकांना कथांपलीकडचाही आधार मिळेल. साथ ओसरल्यावर जे पहिल्यांदा विसरले जाते ते नोंदवणे, हे भारतीय साहित्याच्या अभ्यासाचेही काम आहे.